उरलेले दोन दिवे

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, एखादी वस्तू विकायची वेळ आली की दुकानदारांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. माणूस वाईट नव्हता हो. उलट इतका सरळ की बसमध्ये तिकीट द्यायला कंडक्टर विसरला तर उतरल्यावर मागे धावेल. पण घड्याळ असो, मिक्सर असो की फोन, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "याचं पोट उघडता येतं का?" ज्याचं पोट उघडून बघता येत नाही त्याच्यावर विसंबायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. ताई म्हणायची, "नशीब माझं, लग्नाआधी मला नाही उघडून बघितलं."

ते एका मोठ्या छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. तिथे लाइट जायची, अर्धवट जुळवलेली पानं उडायची, आणि शिव्या भाऊजींना पडायच्या. म्हणून त्यांनी यूपीएस बसवले. यूपीएस म्हणजे लाइट गेली की काही वेळ बॅटरीवर वीज पुरवणारा डबा, हे मलाही माहीत होतं. त्या डब्याशी बोलणारा एक प्रोग्राम असतो, हे मात्र मला त्यांच्यामुळे कळलं. जगभरातल्या हौशी लोकांनी आपला वेळ घालून लिहिलेला, कुणाच्या मालकीचा नसलेला, आत काय लिहिलंय ते कुणीही वाचू शकेल असा. ओपन सोर्स. हा शब्द ते इतक्या मायेनं उच्चारायचे की ताईला त्याचा हेवा वाटायचा. मी त्यांना "फुकटवाले भाऊजी" म्हणायचे आणि ते मला "मेहुणीबाई, फुकट नाही, मोकळं" असं समजावायचे. आमचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं.

माझं चष्म्याचं दुकान आहे. एकदा छापखान्याच्या मालकांचा चष्मा द्यायला मी तिकडे गेले, तेव्हा भाऊजींनी मला आपली करामत दाखवली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भिंतीतली पिन सरळ उपटली. डब्यानं एकदा चीं केलं. थोडा वेळ काहीच नाही. मग बॅटरी उतरली तसा एक कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, मग दुसरा, मग कोपऱ्यातला मोठा. शाळा सुटल्यावर मुलं रांगेत बाहेर पडावीत तसं. शेवटी डबाच टक् करून बंद झाला.

"अहो, पण याच्यात बॅटरी होती ना अजून?" मी विचारलं. "दोन दिवे दिसत होते मघाशी."

"शिल्लक ठेवायचीच असते, मेहुणीबाई. पार निपटली की बॅटरी मरते. आणि डबा बंद झाला नाही तर लाइट आल्यावर कॉम्प्युटर आपणहून उठत नाहीत. मीच सांगून ठेवलंय त्याला, सगळे झोपले की तूही झोप." मग म्हणाले, "जो शेवटी बाहेर पडतो त्यानं दिवा मालवायचा. साधा नियम आहे."

तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं. खोटं कशाला बोलू?

ताई शाळेत कवायत शिकवायची. गळ्यात शिट्टी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली मुलंही सावधान उभी राहायची. एक दिवस शिट्टी नीट वाजेना. तिला वाटलं शिट्टी बिघडली; नवी आणली, तीही वाजेना. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की शिट्टीत काही नाही, छातीचे स्नायूच हळूहळू हात आखडता घेतायत. यावर औषध नाही. नाही म्हणजे नाहीच, असं डॉक्टर दोनदा म्हणाले, कारण भाऊजींनी दोनदा विचारलं.

मग घरात ते मशीन आलं. नाकातोंडावर मास्क, त्याला नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला श्वास ढकलणारं खोकं. आधी फक्त झोपताना लागायचं, पुढे दिवसभर. मास्क काढला तर ताई थोडा वेळ तग धरायची, बोलायचीसुद्धा, पण लवकरच ओठ निळसर व्हायचे. मशीनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी होती, ती केव्हाच गेलेली. कंपनीनं कळवलं, हे मॉडेल बंद झालं, बॅटरी मिळणार नाही. पोट उघडायची सोय नव्हती. भाऊजी त्या खोक्याकडे सासऱ्यानं जावयाकडे बघावं तसं बघायचे.

आणि आमच्या भागातली लाइट तर काय, पाहुण्यासारखी. येते कधी, जाते कधी, कुणाला पत्ता नाही.

घरासाठी पहिला यूपीएस त्यांनी घाईत घेतला होता. चकचकीत, पुढे काच, आणि फोनवर सगळं दाखवणारं ॲप. ते ॲप एका सकाळी "ही सेवा आता उपलब्ध नाही" एवढं बोलून गप्प झालं. कंपनीनं दुकान गुंडाळलं होतं. डबा चालू होता, पण मुका. बॅटरी किती उरली, किती वेळ पुरेल, काही सांगेना. भाऊजी दिवसभर छापखान्यात, मी दुकानात, घरी ताई आणि तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी. लाइट गेली हे आम्हाला कळायचं कसं? तेव्हापासून भाऊजी ताकही फुंकून प्यायला लागले.

त्या मोकळ्या प्रोग्रामवाल्यांची एक यादी असते म्हणे, कुठला डबा त्यांच्याशी बोलतो आणि कुठला नाही याची. भाऊजींनी ती पाठच केली. त्यातला एक पसंत करून आणला, जोडला, तर तो ढिम्म. नाव तेच, अंगरखा तोच, पण कंपनीनं आतला सर्किटचा पाटा गुपचूप बदललेला. दूरच्या कुठल्या देशातल्या एका माणसानं, ज्याचं तोंडही भाऊजींनी कधी पाहिलं नव्हतं, चार दिवस त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि शेवटी कळवलं, माफ करा, हा नवा पाटा काय बोलतो ते आम्हाला अजून कळलेलं नाही. डबा परत गेला. पुढच्या वेळी भाऊजी लॅपटॉप आणि केबल घेऊनच दुकानात गेले आणि एकेक डबा काउंटरवर उघडून जोडून बघायला लागले.

"साहेब," दुकानदार म्हणाला, "लोक जावई निवडताना इतकी चौकशी करत नाहीत."

"जावई बिघडला तर मुलगी माहेरी येते," भाऊजी म्हणाले. "हा बिघडला तर कुठे जाऊ?"

 दुकानदारानंच मग मागच्या खोलीतून एक धुळकट डबा आणला. करडा, जाडजूड, जुन्या घडणीचा. काच नाही, काही नाही, पुढे फक्त पाच हिरवे दिवे आणि एक बटण. शोभेला शून्य. केबल लावल्याबरोबर तो बोलायला लागला. आत किती दाब, बाहेर किती भार, बॅटरी किती, अजून किती मिनिटं पुरेल, सगळं. भाऊजींच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

डबा ताईच्या उशाशी आला. "चांगली ठेंगणीठुसकी सवत आणलीत," ताई मास्कच्या आतून म्हणाली. "माझ्यापेक्षा तिचीच नाडी जास्त वेळा बघतात हे."

त्या डब्याला त्यांनी पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा कॉम्प्युटर जोडला. लाइट गेली की तो त्यांच्या आणि माझ्या फोनवर निरोप पाठवणार, आणि मग मिनिटं उतरत जातील तसतसा कळवत राहणार. एका भरलेल्या डब्यावर श्वासाचं मशीन तासाहून जास्त चालायचं. छापखाना तेवढा लांब नव्हता. पलंगाखाली दुसरी मोठी बॅटरी भरून ठेवलेली. भाऊजींनी येऊन ती जोडली की पुढची रात्रसुद्धा निघाली असती. मावशींना त्यांनी बजावलं होतं, "मास्क बघा, उशी बघा, पण डब्याला हात लावायचा नाही. तो त्याचं बघतो."

प्रोग्रामची सगळी मांडणी त्यांनी छापखान्यातून उचलून आणली, जशीच्या तशी. इतकी वर्षं तिथे एकदाही न चुकलेली. "नवं काही लिहायचं म्हणजे नवी चूक करायची," असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलंही होतं. आजही, एरवीच्या कुठल्याही गोष्टीत, मला ते पटतं.

दर रविवारी ते भिंतीतली पिन उपटून परीक्षा घ्यायचे. ताई विचारायची, "आज माझी परीक्षा की हिची?" डबा चीं करायचा, आमचे फोन वाजायचे, मशीन एका श्वासालाही अडखळायचं नाही. थोडा वेळ बघून ते पिन परत लावायचे. शेवटपर्यंत मात्र त्यांनी कधी जाऊ दिलं नाही. छापखान्यात ते बॅटरी उतरेस्तोवर निवांत बघत बसायचे. इथे दुसऱ्या टोकाला ताई होती. कुणाचं काळीज धजावलं असतं?

ती दुपार होती. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी त्याला पाटीवरची अक्षरं वाचायला सांगत होते, आणि फोन वाजला. "घरची लाइट गेली. बॅटरीवर चालू." घाबरायचं कारण नव्हतं, असे निरोप आठवड्याला येत. पण पुढच्याच क्षणी माझ्याही दुकानातली गेली, समोरच्यांचीही. सगळं शहरच गेलं होतं. भाऊजींचा फोन आला, "मी निघालोय. तुम्ही उगाच धावपळ करू नका." मी कसली ऐकतेय, शटर ओढलं आणि निघाले.

रस्त्यावर एकही सिग्नल चालू नव्हता. प्रत्येक चौकात चारी बाजूंनी गाड्या तोंडात तोंड घालून उभ्या, आणि जो तो आपलाच भोंगा वाजवतोय. रिक्षा सोडून मी चालायला लागले. फोनवर निरोप येत होते, अगदी वेळच्या वेळी. इतकी मिनिटं राहिली, आता इतकी. मला वाटून गेलं, हे कळतंय कशाला? माणूस चौकात अडकलाय आणि हा इमानेइतबारे आकडे सांगतोय. मग निरोप आला, "बॅटरी कमी. बंद होत आहे."

इमारतीच्या फाटकात मला भाऊजी दिसले. गाडी कुठेतरी मागेच टाकून पळत आले होते, घामानं निथळत, फोन कानाला. पलीकडे मावशी रडत होत्या, मशीन थांबलं म्हणून. भाऊजी ओरडून सांगत होते, "बॅटरी संपली असेल, तुम्ही कशाला हात लावू नका, उशी उंच करा, आलोच मी, जिन्यातच आहे!" लिफ्ट बंद. चार मजले. मी त्यांच्या मागे होते.

आम्ही पोचलो तेव्हा मावशी ताईला छातीशी धरून बसल्या होत्या. मास्क बाजूला पडलेला. ताईचे डोळे अर्धे उघडे होते, आणि ती आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती.

भाऊजी गुडघ्यांवर पडले आणि पलंगाखालची मोठी बॅटरी ओढू लागले. ओढता ओढता त्यांचा हात सवयीनं डब्याच्या बटणावर गेला. का गेला ते त्यांनाही सांगता आलं नाही. बटण दाबलं, आणि डबा चालू झाला.

चीं असा आवाज झाला, पुढे दोन हिरवे दिवे लागले, आणि श्वासाचं मशीन फुस्स, फुस्स करायला लागलं. मी देवाचे आभार मानले, मला वाटलं लाइट आली. मी घाईघाईनं मास्क तिच्या तोंडावर बसवला, दाबून धरला. छाती वर झाली, खाली झाली. मशीन करत होतं ते. ताई करत नव्हती.

भाऊजी तिच्याकडे बघत नव्हते. ते त्या दोन दिव्यांकडे बघत होते. वर पंखा बंदच होता.

पुढचं सगळं रीतसर झालं. डॉक्टर म्हणाले, "आज ना उद्या हे होणारच होतं, त्यातल्या त्यात लवकर सुटली." शेजारी म्हणाले, केवढं केलं हो त्यांनी बायकोसाठी, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. भाऊजी प्रत्येकापुढे मान हलवत राहिले. मावशींना वाटत होतं की चूक आपलीच, हात लावायला हवा होता. त्या पाया पडायला वाकल्या, तर भाऊजी दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "तुम्ही नाही, मावशी. तुम्ही नाही." एवढंच.

मला त्यांनी नंतर सांगितलं, एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना. डोळे तपासायच्या खुर्चीत बसले आणि समोरच्या पाटीकडे बघत बोलले, जणू तिथे लिहिलेलं वाचतायत.

"बॅटरी संपली नव्हती. दोन दिव्यांची होती शिल्लक. मी पोचून दुसरी जोडेपर्यंत सहज पुरली असती."

"मग थांबलं कसं?"

"थांबलं नाही. थांबवलं. त्या छोट्या कॉम्प्युटरनं. बॅटरी कमी झाली की आधी आपण बंद व्हायचं आणि जाताना डब्यालाही बंद करायचं, असा हुकूम आहे त्यात. बॅटरी मरू नये म्हणून. कॉम्प्युटर नीट उठावेत म्हणून. छापखान्यातला हुकूम. एक ओळ आहे. मी लिहिलेली."

मला छापखान्यातली ती जेवणाची सुट्टी आठवली. जो शेवटी बाहेर पडतो त्यानं दिवा मालवायचा.  आणि खरं सांगते, राग आला, असा की समोरची पाटी काढून त्यांच्या डोक्यात घालावी. माझी बहीण होती ती. कॉम्प्युटर नव्हती.

"त्या लोकांना कळवा," मी म्हणाले. "ते तुमचे फुकटवाले. दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल."

"कळवलं. त्या माणसाचं लगेच उत्तर आलं, ज्यानं तेव्हा मदत केली होती. फार वाईट वाटलं त्याला. पण त्यानं लिहिलंय की पहिल्या पानावरच ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे अशा यंत्रासाठी हे वापरू नका." मग म्हणाले, "आहे खरंच. मी वाचलं होतं. सगळ्याच वस्तूंवर लिहितात तसं वाटलं."

ते परत पाटीकडे वळले.

"कंपनीचं बंद खोकं असतं ना, मेहुणीबाई, तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, कोर्टात गेलो असतो, जन्मभर कुणाला तरी दोष देत बसलो असतो. हे सगळं उघडं होतं. प्रत्येक ओळ माझ्या डोळ्यांखालून गेलेली."

आपलेच दात नि आपलेच ओठ. ही म्हण माझ्या तोंडापर्यंत आली आणि मी ती गिळली. सांत्वनाचं काही मी शोधलं नाही. त्यांनीही ते मागितलं नाही. उठताना चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला आणि गेले.

ते अजून छापखान्यात जातात. तीच कामं, तेच डबे. तिथली ती ओळ तशीच आहे, कारण तिथे ती बरोबर आहे. घरात मात्र कुणी काही उघडून बघत नाही. बाथरूमचा नळ कितीतरी दिवस गळतोय, मिक्सर बंद पडलाय, आणि हा माणूस त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

करडा डबा त्यांनी मला आणून दिला. "चांगला आहे, टाकवत नाही. तुमच्या तपासायच्या मशीनला लावा." केबल आणली नाही, छोटा कॉम्प्युटरही नाही. नुसता डबा. नको म्हणायचं होतं मला, पण ते काउंटरखाली जागाही करायला लागले होते, म्हणून ठेवून घेतला. आता लाइट गेली की तो चीं करतो आणि आपला चालत राहतो. पाच दिव्यांचे चार होतात, चाराचे तीन, तिनाचे दोन. त्याला बंद कर म्हणून सांगणारं आता कुणी नाही. तो शेवटच्या थेंबापर्यंत चालतो.

शेवटचे दोन दिवे किती वेळ पुरतात, ते मला त्यामुळे कळलंय. पुष्कळ पुरतात. एक गिऱ्हाईक तपासून होतं, चष्मा निवडून होतो, गप्पा होतात, तरी ते आपले जळत असतात. चार मजले काय, तेवढ्या वेळात माणूस दहादा चढून उतरेल.

भाऊजींना हे मी सांगितलेलं नाही. ते कधीमधी संध्याकाळी दुकानात येऊन बसतात, फारसं बोलत नाहीत. त्यात लाइट गेली तर त्यांची नजर काउंटरखाली जाते. तीन दिवे असेपर्यंत बसतात. तिसरा विझला की उठतात, "येतो," म्हणतात. बाहेर अंधार असतो, मी त्यांना लाइट येईपर्यंत थांबा म्हणत नाही.